व्हिडिओ गेमचा जमाखर्च

आपल्या घरांतून व्हिडिओ गेमविषयी दोनच मते ऐकू येतात. आईवडील म्हणतात, या मोबाइलने पोराचे वाटोळे केले. पोरगा म्हणतो, तुम्हाला त्यातले काही कळत नाही. एवढे बोलून दोघेही गप्प बसतात आणि विषय तेथेच संपतो. आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे. जे खेळत नाहीत ते बरेवाईट सारे खेळ एकाच मापाने मोजतात, आणि जे खेळतात ते आपल्या खेळाचा हिशोब कोणाला देत नाहीत.

आम्ही पेशाने कारकून. शिक्षण वाणिज्य शाखेचे. नोकरीनंतरचा वेळ वस्तीतल्या अभ्यासिकेत जातो. वाचकांना नवल वाटेल, पण शाळेत असल्यापासून आम्ही व्हिडिओ गेम खेळत आलो आहोत आणि आजही सुटीच्या दिवशी खेळतो. आईवडिलांची काळजी आम्हाला समजते आणि पोरांची ओढही समजते. म्हणून हा हिशोब मांडावा असे वाटले. हिशोब म्हटला की जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. एकच बाजू लिहिलेली वही खोटी.

मारियोची जमेची बाजू

जपानच्या निंटेंडो कंपनीने १९८५ साली 'सुपर मारियो ब्रदर्स' हा खेळ काढला. शिगेरू मियामोतो हे त्याचे मुख्य रचनाकार. १९९० च्या दशकात निंटेंडोच्या यंत्राची नक्कल केलेली स्वस्त यंत्रे आपल्याकडे आली. चाळीत एखाद्याच घरी ते यंत्र असे आणि त्याभोवती दहा-बारा पोरे जमत. कॅसेट चालेना की काढून तिच्यात फुंकर मारायची, हा सर्वांचा ठरलेला इलाज होता.

त्या पोरांपैकी कितीकांना इंग्रजी वाचता येत नव्हते. तरी खेळ अडला नाही. पहिल्याच टप्प्यात मारियो डाव्या कडेला उभा असतो आणि उजवीकडची वाट मोकळी असते. जायचे कोठे ते आपोआप कळते. समोरून एक छोटा शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर जीव जातो. दुसऱ्या वेळी पोरगा उडी मारतो. वर प्रश्नचिन्हाची विट दिसते, तिला डोके लागले की नाणे निघते. पुढच्या विटेतून अळंबी बाहेर पडते आणि ती खाल्ली की मारियो मोठा होतो. एका अक्षराचाही उपदेश न करता खेळ आपले नियम शिकवतो. चांगला मास्तर असेच शिकवतो. शिकणाऱ्याला घाबरवत नाही, चूक करू देतो आणि लगेच दुसरी संधी देतो.

त्या खेळात प्रत्येकाला सुरुवातीला तीन जीव मिळत. बाप गिरणीत असो की बँकेत, जीव तीनच. शंभर नाणी गोळा केली की एक जीव जास्त, पण ती नाणी खेळातलीच, खिशातली नव्हेत. एकूण टप्पे बत्तीस. ते संपले की खेळ संपला. शिवाय मध्येच आईने हाक मारली तर एक बटण दाबून खेळ जागच्या जागी थांबवता येत असे. हा गुण किती मोलाचा होता, हे पुढच्या खेळांकडे वळल्यावर ध्यानात येईल.

दोघांनी मिळून

दुसरा खेळ कोनामी कंपनीचा 'कॉन्ट्रा'. त्यात दोघे जण बाजूबाजूला उभे राहून लढतात. एका टप्प्यात धबधब्याच्या कडेने खडकाखडकावरून वर चढायचे असते. एक गडी घाईने वर गेला की पडदाही वर सरकतो आणि मागे राहिलेला गडी पडद्याखाली जाऊन मरतो. त्यामुळे पुढच्याला थांबावे लागते. मागच्याची उडी झाली का, हे पाहूनच आपली उडी मारायची. आपल्या बरोबरच्याला सोडून पुढे पळण्यात शहाणपण नाही, हे पोरांना त्या धबधब्याने शिकवले.

तिसरा 'टेट्रिस'. अलेक्सेई पाजित्नोव या संगणकतज्ज्ञाने तो १९८४ साली मॉस्कोत तयार केला. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, ते खाली नीट बसवायचे, एवढाच खेळ. आपल्याकडे तो जत्रेत आणि रेल्वे स्टेशनबाहेर मिळणाऱ्या, पेन्सिल सेलवर चालणाऱ्या 'ब्रिक गेम'मधून घरोघर गेला. हा आकार कोठे बसेल, पुढचा कोणता येणार, आज ठेवलेली फट उद्या कशी नडेल, याचा विचार त्यात सतत करावा लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका १३ वर्षांच्या मुलाने टेट्रिसची जुनी निंटेंडो आवृत्ती इतकी पुढे नेली की १५७ व्या पातळीवर ती आवृत्तीच गोठून बंद पडली. माणूस थकण्याआधी यंत्र थकले!

जुन्या खेळांची नावे बाजू

जुने ते सारे सोने, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कॅसेटवर ९९९९ खेळ असे छापलेले असे, आत मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा घातलेले. ही उघड फसवणूक होती. कॉन्ट्रात गोळ्या झाडण्यापलीकडे कथा अशी नाहीच. मारियोत राजकन्या शेवटपर्यंत कैदेत असते आणि पुरुष तिला सोडवायला निघतो. मुलींच्या वाट्याला वाट पाहण्याचेच काम. आमच्या चाळीतही यंत्राचा हातोडा, म्हणजे रिमोट, मुलींच्या हाती क्वचितच येई.

याबाबतीत पुढे थोडी सुधारणा झाली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. त्यात बहीण आपल्या भावाला सोडवायला निघते. खेळाची चित्रे देखणी आहेत. कथा मात्र ऐन रंगात आल्यावर तोडल्यासारखी संपते, हा त्याचा दोष. तरीही असा खेळ पुण्यात तयार होऊ शकतो, त्यासाठी चित्रकार, संगीतकार, संगणकाची भाषा जाणणारे लागतात, ही गोष्ट आपल्या मुलामुलींना सांगण्यासारखी आहे. खेळणे हा वेळ घालवण्याचा प्रकार असेल, पण खेळ तयार करणे हा शिकून मिळवायचा व्यवसाय आहे.

जीव विकायला निघाले

आता मोबाइलवरचे खेळ पाहू. २०१२ साली आलेला 'कँडी क्रश सागा' आपल्या अनेक भगिनी लोकलमध्ये किंवा दुपारच्या विसाव्यात खेळतात. रंगीत गोळ्या जुळवायच्या. रंग, आवाज, मांडणी सुबक आहे. दोन घटका मन रमते, यात वाईट काही नाही. खेळ चकटफू मिळतो. मग कंपनीचे पोट कशावर चालते?

येथे जीव पाच मिळतात. ते संपले की एक जीव परत मिळायला अर्धा तास थांबावे लागते, नाही तर पैसे मोजून लगेच घ्यावे लागतात. चाली संपल्या आणि एकच गोळी उरली असेल, नेमक्या त्या वेळी पडद्यावर विचारणा होते, आणखी पाच चाली हव्यात का? टप्पे दहा हजारांहून अधिक आणि त्यांत सतत भर पडते. म्हणजे खेळ संपण्याची सोयच नाही. मारियोत जीव ही खेळाडूच्या कसबाची कमाई होती. येथे तोच जीव दुकानात मांडलेला माल झाला. आम्हाला जुन्या आणि नव्या खेळांतला खरा फरक येथे दिसतो. जुना खेळ एकदा पैसे घेऊन मोकळा होई. नवा खेळ दार उघडे ठेवतो आणि तुम्ही आत जाऊन अडलात की हात पुढे करतो.

बंदुकीच्या खेळांचेही तसेच. 'पबजी मोबाइल'वर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. पुढे जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, मोकळी जागा आक्रसत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. याची जमेची बाजू आम्ही नाकारत नाही. चौघांची तुकडी करून खेळताना नकाशा वाचावा लागतो, पावलांच्या आवाजावरून दिशा ओळखावी लागते, सोबत्याला थोडक्या शब्दांत नेमके सांगावे लागते.

नावे बाजूला तीन गोष्टी लिहाव्या लागतील. पहिली, डाव मध्येच थांबवता येत नाही. आई म्हणते, उठ, पाणी आले. पोरगा उठला तर त्याचे तिन्ही सोबती अडचणीत येतात. नाही उठला तर घरात भांडण. कित्येक घरांतली भांडणे पोरगा उद्धट आहे म्हणून होत नाहीत, खेळाला थांबा नाही म्हणून होतात. दुसरी, स्वस्त मोबाइल अडखळतो आणि महागडा सरळ चालतो. त्यामुळे सगळे एकाच रेषेवरून धावत नाहीत. तिसरी गोष्ट पेट्यांची. पैसे भरून पेटी उघडायची, आत काय निघेल ते आधी कळत नाही. एखादा पोशाख, एखाद्या बंदुकीचा रंग. हवे ते निघेपर्यंत पोरगा पेट्या उघडत राहतो. बेल्जियम देशाच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ साली काही खेळांतील अशा पेट्या तपासून त्या जुगारच आहेत असे ठरवले.

पैसे लावून खेळणे

पेटीपासून रमीपर्यंतची वाट फार लांब नाही. आमच्या ओळखीचा एक कंत्राटी कामगार रात्रपाळीच्या विश्रांतीत मोबाइलवर पत्ते खेळू लागला. पहिल्या आठवड्यात थोडे जिंकला. तीन महिन्यांनी बायकोची भिशी आणि मुलीच्या क्लासची फी दोन्ही गेली. तो माणूस दारूच्या थेंबाला शिवत नव्हता, म्हणून घरात कोणाला संशयही आला नाही. दारूचा वास येतो, मोबाइलचा येत नाही.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, त्यात निषिद्ध ठरवले आहेत. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. खेळणाऱ्याला गुन्हेगार मानलेले नाही. म्हणून ज्याचे पैसे गेले त्याने लाजेपोटी गप्प न राहता घरच्यांना सांगावे. कायदा झाला तरी आडमार्गाने बोलावणारे असतातच, हे विसरू नये.

घरात काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या आपल्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याची लक्षणे अशी: खेळण्यावर ताबा न राहणे, खेळ हाच इतर सर्व कामांहून मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे साधारण वर्षभर चालले आणि त्याने घर, शिक्षण किंवा काम बिघडले तर तो आजार. म्हणजे खेळणारा प्रत्येक पोरगा आजारी नाही. पण ही लक्षणे दिसली तर मारझोड न करता सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जावे.

बाकी घरांसाठी आमचे सांगणे साधे आहे. कोणत्याही खेळाला तीन प्रश्न विचारावेत. तो मध्येच थांबवता येतो का? त्याची पूर्ण किंमत आधी कळते का? आणि हरल्यावर तो काय म्हणतो, पुन्हा प्रयत्न कर की पैसे भर? तिन्ही उत्तरे चांगली आली तर मुलाला खुशाल खेळू द्यावे. न थांबणारा खेळ असेल तर वेळ घड्याळाने न ठरवता डावाने ठरवावी. दोन डाव, मग मोबाइल ठेवायचा. असा करार मुलेही पाळतात. डाव सुरू असताना मात्र आपणही हाका मारू नयेत. मोबाइलवरून पैसे पाठवण्याचा गुप्त क्रमांक मुलांना सांगू नये, आणि खरेदीपूर्वी पासवर्ड मागण्याची सोय मोबाइलमध्ये असते ती चालू करून घ्यावी.

आणि या रविवारी आणखी एक काम करावे. मुलाशेजारी बसून म्हणावे, हा खेळ मला शिकव. पहिल्या डावात तुम्ही हराल आणि तो हसेल. हसू द्यावे. कसे खेळायचे ते सांगता सांगता तो कोणाबरोबर खेळतो, किती वेळ खेळतो, कशासाठी पैसे मागतो, हे सारे स्वतःच सांगून टाकेल. महिनाभर रागावूनही जे कळले नसते ते अर्ध्या तासात कळेल.