साखळीवरची साखळी

ठाणे-कल्याण मार्गावरील एका रुळावरून तासाभरात किती गाड्या धावतील याला मर्यादा असते, कारण दोन गाड्यांत सुरक्षित अंतर ठेवावेच लागते. तरीही रोज सकाळी डोंबिवलीचे हजारो प्रवासी मुंबईकडे जातात. कारण प्रत्येकाला स्वतंत्र गाडी लागत नाही. ब्लॉकचेनचा वेग वाढवण्याची युक्ती हीच आहे.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी मिळून ठेवलेली एकच खतावणी. प्रत्येक नोंद साऱ्यांनी तपासायची, म्हणून ती कोणा एकाला गुपचूप बदलता येत नाही. पण त्यामुळेच काम मंदावते. बिटकॉइनमध्ये सेकंदाला सुमारे 7 व्यवहार नोंदले जातात. 2015 साली सुरू झालेल्या इथेरियमची क्षमता अनेक वर्षे 15च्या आसपास होती. जागा थोडी आणि मागणी फार, म्हणून शुल्कही वाढते.

यावर उपाय थरांचा. वरच्या थरात व्यवहार झटपट नोंदवायचे आणि खालच्या मुख्य साखळीवर साऱ्या गठ्ठ्याचा एकच ठसा ठेवायचा. एका नोंदीचे शुल्क हजार व्यवहारांत वाटले, की प्रत्येकाच्या वाट्याला हजारावा भाग येतो.

हा ठसा गणिताने काढतात. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. दोन-दोन ठसे जोडून नवा ठसा काढत गेले, की शेवटी एकच उरतो. यालाच मर्कल वृक्ष म्हणतात.

भारतात 2017 साली मॅटिक या नावाने सुरू झालेले आणि 2021 पासून पॉलिगॉन म्हणून ओळखले जाणारे जाळे असेच ठसे इथेरियमवर ठेवते. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे 65,000 जातीचे दाखले या जाळ्याच्या आधारे देण्याचे काम 2022 साली हाती घेण्यात आले. बनावट दाखल्यामुळे खऱ्या हक्कदाराची जागा जाते, म्हणून पडताळणी महत्त्वाची. एवढ्या दाखल्यांचा मर्कल वृक्ष केला, तर एक दाखला तपासण्यास सोबतचे केवळ 16 ठसे पुरतात. कारण 2चा 16वा घात 65,536 आहे.

वर्गात हे करून पाहता येईल. 8 विद्यार्थ्यांनी 97पेक्षा लहान संख्या लिहाव्यात. जोडीतील पहिलीची तिप्पट करून दुसरी मिळवावी, 97ने भागावे आणि बाकी पुढे न्यावी. तीन फेऱ्यांत एकच संख्या उरेल. आता कोणीही एकाने आपली संख्या बदलावी. अंतिम संख्याही बदलेल. खरे ठसे अर्थातच याहून फार गुंतागुंतीचे असतात.

मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. पॉलिगॉनसारख्या जाळ्यात वरच्या थराची राखण त्याचे स्वतःचे तपासनीस करतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागतो. ‘रोलअप’ प्रकारात व्यवहारांची माहितीही खाली ठेवतात. त्यात सुरक्षितता अधिक, पण खर्चही वाढतो. मार्च 2024 मध्ये इथेरियमने अशा माहितीसाठी वेगळी स्वस्त जागा दिल्यावर तो बराच उतरला. दुसरे म्हणजे, ठसा नोंद बदलली नसल्याचे सांगतो, ती खरी असल्याचे नव्हे. दाखला देणाऱ्यानेच चूक केली, तर साखळी ती चूकही तितक्याच निष्ठेने जपेल.