जुना ३८६ आणि भावाचे पत्र

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्याच वर्षी ते आमच्या घरी आले. संगणक मात्र जुनाच, ३८६. विंडोज ९५ त्याला झेपणारे नव्हते. पण शेल खात्याला नुसती अक्षरे पुरत. डॉसवरचा टर्मिनल प्रोग्राम आणि मोडेम, बस्स! असे आपले मला वाटले. माउस कॉम-१ वर, मोडेम कॉम-३ वर आणि दोघांची इंटरप्ट एकच. माउस हलला की मोडेम मुका! तीन रात्री डोके फोडल्यावर जंपर बदलून मोडेम कॉम-२ वर आणला, तेव्हा कुठे ती कर्कश शीळ मार्गी लागली.

'पाइन' उघडले. अमेरिकेतल्या धाकट्या भावासाठी आई सांगू लागली, मी रोमन अक्षरांत मराठी टंकू लागलो. एरवी पत्राला पंधरवडा लागे. इथे सकाळी उत्तर हजर! डॉट मॅट्रिक्सवर छापून आईच्या हाती दिले. तिने कागद उलटसुलट पाहिला.

"यात त्याचं अक्षर कुठाय रे?"

शेवटी वहीच्या पानावर मीच ते देवनागरीत उतरवून दिले. अक्षर माझे, मजकूर त्याचा. ते पान तिने पोथीत ठेवले. छापील कागदावर दुसऱ्या दिवशी वाण्याची यादी होती.