बंद पडलेल्या सीरियलची टीम परत आली, तीही मत कसं द्यायचं ते सांगायला

अमेरिकेत १९९९ ते २००६ या काळात एनबीसी चॅनेलवर 'द वेस्ट विंग' नावाची सीरियल लागायची. व्हाईट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे सल्लागार दिवसभर नेमकं काय करतात, हा तिचा विषय. मार्टिन शीन हे राष्ट्राध्यक्ष जेड बार्टलेटच्या भूमिकेत होते. कॉरिडॉरमधून झपाझप चालत, एकमेकांचं बोलणं तोडत राजकारणाची चर्चा करणारी पात्रं ही या सीरियलची ओळख. सर्वोत्कृष्ट ड्रामाचा एमी पुरस्कार तिला सलग चार वर्षं मिळाला.

सीरियल संपली, पण तिची टीम पुन्हा पुन्हा एकत्र येत राहिली. त्यातले दोन प्रसंग थेट मतदानाशी जोडलेले आहेत.

पहिला प्रसंग २०१२ चा, मिशिगन राज्यातला.

आपल्याकडे न्यायाधीशांची नेमणूक होते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मात्र न्यायाधीश निवडणूक लढवतात. मिशिगनच्या सुप्रीम कोर्टात सात न्यायाधीश असतात आणि त्यांची मुदत आठ वर्षांची. गंमत म्हणजे उमेदवार ठरवतात पक्ष, पण मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्षाचं नाव नसतं. ही नावं 'नॉन-पार्टीजन' अशा वेगळ्या भागात छापलेली असतात.

तेव्हा मिशिगनच्या मतपत्रिकेवर आणखी एक सोय होती. सगळ्यात वर आपल्या पक्षासमोर एक खूण केली की राष्ट्राध्यक्षापासून खालपर्यंत त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जायचं. याला 'स्ट्रेट टिकट' म्हणतात. लोक खूण करायचे आणि काम झालं म्हणून घरी जायचे. पण न्यायाधीशांच्या नावापुढे पक्षच नाही, त्यामुळे ती एक खूण तिथपर्यंत पोहोचायचीच नाही आणि तो भाग कोरा राहायचा.

कुणाला शिक्षा कायम राहणार, राज्याच्या कायद्याचा अर्थ काय लावायचा, यावर शेवटचा शब्द ज्या कोर्टाचा, त्याचे न्यायाधीश निवडायचं मतदारांकडून राहूनच जात होतं.

त्या वर्षी कोर्टाच्या निवडणुकीत ब्रिजेट मॅककॉर्मॅक उभ्या होत्या. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये त्या कायदा शिकवायच्या. निर्दोष असून तुरुंगात गेलेल्यांच्या केसेस लढवणारं 'मिशिगन इनोसन्स क्लिनिक' उभं करण्यातही त्यांचा वाटा होता. आणि त्यांची बहीण मेरी मॅककॉर्मॅक ही 'द वेस्ट विंग'मधली अभिनेत्री.

बहिणीसाठी मेरीने जुनी टीम गोळा केली. मार्टिन शीन, ॲलिसन जॅनी, ब्रॅडली व्हिटफोर्ड, रिचर्ड शिफ अशी मंडळी आपापल्या जुन्या भूमिकांत परतली. चारेक मिनिटांच्या व्हिडिओत तीच पळापळ, तीच खुसखुशीत भांडणं, फक्त विषय एकच होता. पक्षाला मत दिलंत म्हणून थांबू नका, खालचा नॉन-पार्टीजन भागही भरा.

अर्थात, हा एका उमेदवाराचा प्रचारही होता आणि ते कुणी लपवलं नव्हतं. व्हिडिओ यूट्यूबवर आला आणि देशभर फिरला. नोव्हेंबरमध्ये ब्रिजेट निवडून आल्या आणि २०१९ मध्ये त्याच कोर्टाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. त्या व्हिडिओमुळेच जिंकल्या असं सांगता येणार नाही. पण मतदाराला माहीत नसलेली एक गोष्ट त्याने सोपी करून सांगितली, हे नक्की.

दुसरा प्रसंग २०२० चा.

कोरोनाचा काळ, समोर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. मिशेल ओबामा यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या 'व्हेन वी ऑल व्होट' या मतदार नोंदणीच्या मोहिमेसाठी टीम पुन्हा जमली. लॉस एंजेलिसच्या ऑर्फियम थिएटरमध्ये, प्रेक्षकांविना, सीरियलचा २००२ मधला एक एपिसोड रंगमंचावर नव्याने सादर झाला. १५ ऑक्टोबरला तो एचबीओ मॅक्सवर आला. लिओ मॅकगॅरी साकारणारे जॉन स्पेन्सर २००५ मध्येच वारले होते, त्यांची भूमिका स्टर्लिंग के. ब्राऊनने केली. मध्ये मध्ये मिशेल ओबामा, बिल क्लिंटन यांच्यासारखे लोक मतदानाबद्दल बोलत होते.

तिथे नोंदणीवर एवढा जोर का? कारण अमेरिकेत जवळपास सगळ्या राज्यांत मतदानाआधी नाव नोंदवावं लागतं आणि नियम राज्यागणिक बदलतात. त्यात मतदान मंगळवारी आणि देशभर सुट्टी नाही. वेळेत माहिती मिळाली नाही तर इच्छा असूनही मत हुकतं.

एपिसोडची निवडही विचार करून केलेली होती. न्यू हॅम्पशायरमधल्या एका काल्पनिक गावात मोजून ४२ मतदार. ते मध्यरात्रीच मत देतात आणि सगळ्या देशाचं लक्ष त्या निकालाकडे असतं. राष्ट्राध्यक्षांचा सहकारी जॉश त्यातली दोन मतं वळवायला रात्रभर फोन करायला लावतो. शेवटी तोच म्हणतो, त्यांना हवं तसं मत देऊ दे. अशी मध्यरात्री मत देण्याची प्रथा न्यू हॅम्पशायरमध्ये खरोखर आहे.

२०२० मध्ये अमेरिकेत पात्र मतदारांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांनी मत दिलं, शंभरहून अधिक वर्षांतलं हे सर्वाधिक प्रमाण. त्याचं श्रेय एका कार्यक्रमाला देणं चुकीचं ठरेल. टपाली मतदान आणि अटीतटीची लढत ही मोठी कारणं होती. शिवाय या टीमवर आक्षेपही आहे. बार्टलेट डेमोक्रॅट, आणि २०१६ मध्ये यातले बरेच कलाकार हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराला ओहायोत गेले होते. त्यामुळे 'सर्वांनी मत द्या' हे त्यांचं आवाहन दुसऱ्या बाजूच्या माणसाला कितपत भिडलं असेल, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडेही निवडणूक आली की सेलिब्रिटी शाई लावलेलं बोट दाखवून मत द्या म्हणतात. पण महापालिकेत चार सदस्यांचा प्रभाग असला की मतदाराला चार मतं द्यायची असतात, आणि हे अनेकांना केंद्रावर गेल्यावर कळतं. मिशिगनचा तो व्हिडिओ याच बाबतीत वेगळा होता. त्याने मत द्या एवढंच सांगितलं नाही, तर कागदावरची कुठली जागा रिकामी राहते तेही दाखवलं.