इंग्रजी अध्यापनातील लघुचित्रफिती

इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांना ती भाषा शिकविताना वापरण्यात येणारे बोलपटांचे, दूरचित्रवाणी-कार्यक्रमांचे अथवा मुद्दाम तयार केलेल्या पाठांचे छोटे दृक्‌श्राव्य खंड. असा खंड सामान्यतः एक ते पाच मिनिटांचा असतो. पाठ्यपुस्तकातील संवादात शब्द असतात. तथापि आवाजाचा चढउतार, मुद्राभाव आणि बोलणाऱ्यांचे परस्परसंबंध त्यात प्रत्यक्ष दिसत नाहीत. जेथे वर्गाबाहेर इंग्रजी क्वचितच कानी पडते व शिक्षकाचा उच्चार हाच एकमेव नमुना असतो, तेथे चित्रफितीचे महत्त्व विशेष आहे.

बीबीसीची फॉलो मी ही इंग्रजी पाठांची मालिका १९८२ पासून चीनमध्ये दूरचित्रवाणीवरून दाखविण्यात आली व तेथे अतिशय लोकप्रिय झाली. प्रक्षेपित पाठ मात्र थांबविता वा मागे नेता येत नसे. व्हिडिओ कॅसेटचा प्रसार झाल्यावर ही सोय शिक्षकाच्या हाती आली आणि पूर्ण पाठाऐवजी निवडक प्रसंग पुनःपुन्हा दाखविण्याची पद्धत रूढ झाली. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाल्यानंतर असे खंड मिळविणे सुलभ झाले.

कार्यपद्धती : प्रथम आवाज बंद ठेवून प्रसंग दाखवितात व पात्रे काय बोलत असावीत, याचा तर्क विद्यार्थ्यांकडून करवितात, नंतर आवाजासह तो तपासतात. याउलट, चित्र झाकून केवळ आवाजावरून स्थळ व व्यक्ती ओळखण्यास सांगता येते. मराठीभाषकांच्या दोन अडचणी यातून दूर होऊ शकतात. मराठीत आदर ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या भेदाने सहज व्यक्त होतो. इंग्रजीत ‘यू’ हे एकच सर्वनाम असल्याने तो ‘कॅन’ऐवजी ‘कुड’सारखी क्रियारूपे, ‘प्लीज’सारखे शब्द आणि स्वर यांतून व्यक्त होतो. दुकानातील वा कार्यालयातील विनंतीचा प्रसंग पाहिल्यास हा फरक चटकन उमगतो. दुसरे असे की, ओघात बोलताना ‘कॅन’चा उच्चार ‘कन्’सारखा होतो. प्रत्येक शब्द सुटा वाचण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला परिचित शब्दही मग ओळखू येत नाही. तोच खंड दोनतीनदा ऐकविल्याने कान सरावतो.

मर्यादा : चित्रावरूनच अर्थ कळल्यास विद्यार्थी पाहतो, पण ऐकत नाही. म्हणून ज्यांचे उत्तर केवळ संवादात आहे, असे प्रश्न खंड दाखविण्यापूर्वीच द्यावे लागतात. मराठी उपशीर्षकांनी अर्थ कळतो. परंतु लक्ष इंग्रजी शब्दांवरून ढळण्याचा संभव असतो. इंग्रजी उपशीर्षके ध्वनी व वर्णलेखन यांची सांगड घालतात. मात्र ती दुसऱ्या वा तिसऱ्या वेळी दाखविणे इष्ट, अन्यथा श्रवणाचा पाठ वाचनाचा होतो. खंड संपल्यावर विद्यार्थ्यांनी तो प्रसंग स्वतःच्या शब्दांत वठविला, तरच ऐकलेली भाषा त्यांच्या वापरात येते.