शुल्क तपासणीचे, निर्णय निरीक्षकाचा

निर्यातीच्या आंब्याची खेप तपासणे, रोपे-बियाणे आयात करण्यास परवानगी देणे, बियाणे विक्रेत्याला परवाना देणे, बियाण्याची उगवणक्षमता प्रयोगशाळेत पाहणे, ही कामे वरवर निरनिराळी दिसत असली तरी त्यांना जोडणारा एक धागा आहे: वनस्पतींचे आरोग्य आणि त्यांची विश्वासार्हता पारखण्याचे काम शासन करते आणि त्यातील बहुतेक कामांसाठी शुल्क घेते. हे शुल्क नेमके कशाचे, याविषयी शेतकरी, निर्यातदार आणि सामान्य प्रवासी यांच्या मनात जे समज रुजलेले आहेत, त्यांपैकी बरेचसे एकाच चुकीतून उगवलेले आहेत. पैसे भरले म्हणजे अनुकूल निकाल विकत घेतला, असे गृहीत धरले जाते आणि निकाल विरुद्ध गेला की फसवणूक झाल्याची भावना मनात घर करते. प्रत्यक्षात शुल्क हे तपासण्याच्या श्रमाचे असते, आणि प्रत्येक तपासणी तिला विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर देते.

शुल्क म्हणजे वेगळ्या नावाने घेतलेला कर, हा सर्वांत जुना समज होय. भारतीय संविधानाने हा भेद मुळातच केलेला आहे. अनुच्छेद ११० नुसार एखाद्या विधेयकात परवान्यासाठीचे किंवा दिलेल्या सेवेसाठीचे शुल्क सांगितले आहे, एवढ्याच कारणाने ते धनविधेयक ठरत नाही. उडुपीच्या शिरूर मठासंबंधीच्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने कर हा सार्वजनिक कारणासाठी सक्तीने घेतलेला पैसा आणि शुल्क हा विशिष्ट सेवेचा मोबदला, अशी फोड केली. पुढील निकालांत भरलेला प्रत्येक रुपया मिळालेल्या सेवेशी काटेकोर जुळलाच पाहिजे ही अपेक्षा सैल झाली आणि परवाना शुल्क हे सेवेपेक्षा नियंत्रणासाठी असते हेही मान्य झाले, तरी शुल्क आणि त्याचे प्रयोजन यांचा व्यापक संबंध सुटलेला नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारात तर ही मर्यादा अधिक स्पष्ट आहे. १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या स्वच्छता व वनस्पती-स्वच्छता कराराने असे बंधन घातले आहे की, आयात मालाच्या तपासणीचे शुल्क तशाच देशी मालाच्या शुल्काशी न्याय्य प्रमाणात असावे आणि सेवेच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त नसावे. ही तरतूद शुल्क भरणाऱ्याच्या बाजूची आहे आणि ती माहीत असायला हवी, कारण खर्चाशी बांधलेले शुल्क भरणाऱ्याला वेळेवर आणि नीट झालेल्या तपासणीचा आग्रह धरण्याचा नैतिक आधार देते.

दुसरा समज अधिक महाग पडतो. निर्यातदारांच्या बोलण्यात ज्याला नुसते ‘फायटो’ म्हणतात ते वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, म्हणजे विशिष्ट खेप आयातदार देशाने नावानिशी सांगितलेल्या किडी-रोगांपासून मुक्त मानण्यात आल्याचे शासकीय निवेदन, शुल्क भरल्यावर मिळणारच, असे अनेकांना वाटते. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराप्रमाणे हे प्रमाणपत्र तांत्रिक पात्रता असलेल्या, अधिकार दिलेल्या शासकीय अधिकाऱ्याच्या जबाबदारीवरच निघते. भारतात ही यंत्रणा फरिदाबाद येथील वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाच्या अखत्यारीत चालते. संगरोध म्हणजे किडी-रोगांचा प्रवास सीमेवर रोखण्यासाठी मालाला घातलेला अटकाव. पॅकहाउसमधील तपासणीच्या टेबलावर, भरपूर उजेडात, पेटीतून काढलेला हापूस निरीक्षक हातात फिरवून पाहतो. देठाच्या खोबणीत पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस दिसतो का आणि सालीवर फळमाशीने अंडी घालताना केलेले टाचणीच्या टोकाएवढे छिद्र आहे का, हे भिंगातून तपासतो, आणि संशय आल्यास फळ कापून गरात अळी आणि कोयीत भुंगा शोधतो. एक जिवंत अळी सापडली तर खेप थांबते. तपासणीचे श्रम मात्र खेप पास झाली काय किंवा अडली काय, सारखेच झालेले असतात. निर्णयाचे हे स्वातंत्र्य हीच प्रमाणपत्राची खरी किंमत आहे; जे प्रमाणपत्र पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला मिळते, त्यावर पलीकडच्या बंदरातील अधिकारी विश्वास ठेवणार नाही.

याला जोडूनच असा प्रश्न येतो की, इथे स्वच्छ ठरलेली खेप तिथे कशी काय नाकारली जाते. तपासणी नमुन्यावर होते आणि नमुन्याला गणिताची मर्यादा असते. मोठ्या खेपेत शंभरात एक फळ किडलेले असेल, तर ते ९५ टक्के खात्रीने हाती लागण्यासाठी यदृच्छ निवडलेली सुमारे ३०० फळे पाहावी लागतात, आणि तेवढी पाहूनही वीस वेळांत एकदा कीड निसटू शकते. म्हणूनच प्रमाणपत्राच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यात, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेवर किंवा अधिकाऱ्यावर आर्थिक जबाबदारी येणार नाही, असे वाक्य घालण्याची मुभा ठेवलेली आहे. शुल्क हा विम्याचा हप्ता नव्हे, हे त्या एका वाक्यात स्पष्ट होते. निसटलेल्या किडींची संख्या वाढत गेली की काय होते, हे कोकणातील बागायतदारांनी पाहिलेले आहे: २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी आढळल्याने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून, हंगाम ऐन भरात असताना, आंब्यासह वांगी, अळू, कारली आणि पडवळ यांच्या आयातीवर बंदी घातली. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली ती प्रमाणित पॅकहाउस आणि ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटे फळ ठेवण्याची उष्णजल प्रक्रिया यांची घडी बसवल्यावर. अशा वेळी तपासणीतील ढिलाईची किंमत एका खेपेपुरती राहत नाही; ज्यांची फळे निर्मळ होती त्यांनाही ती मोजावी लागते.

फायटो असलेले फळ खाण्यास सुरक्षित, हा समज दोन निरनिराळ्या तपासण्यांची गल्लत करतो. फायटो कीड आहे का एवढेच विचारते. कीडनाशकाचा अंश किती, हा प्रश्न प्रयोगशाळेचा आहे आणि त्याचे शुल्कही निराळे आहे. युरोपात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच सूट असते, म्हणजे डोळ्याने किंवा भिंगाने ते कळण्याचा प्रश्नच येत नाही. २०१० मध्ये महाराष्ट्रातील द्राक्षे युरोपात अडली तेव्हा त्यांत कीड नव्हती. वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे, बागायतदारांच्या तोंडी ‘सीसीसी’ असलेले क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वाढनियंत्रक मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते. २००६ पासून ‘ग्रेपनेट’ या व्यवस्थेत बागेच्या नोंदणीपासून खेपेपर्यंतचा माग ठेवला जात होता, तरीही जे रसायन तपासणीच्या यादीत नसेल त्याचा शोध अहवालात कसा लागणार? शुल्काच्या पावतीपेक्षा तपासणीची यादी काळजीपूर्वक वाचावी, असे म्हणण्यास या घटनेने पुरेपूर कारण दिले.

अमेरिकेच्या बाबतीत खर्चाचा आणखी एक पदर आहे. २००७ पासून भारतीय आंबा तेथे जाऊ लागला तो किमान ४०० ग्रे मात्रेच्या विकिरण प्रक्रियेनंतर, ज्यात गॅमा किरणांमुळे फळातील किडीची पुनरुत्पादनक्षमता संपते. या कामाची सुरुवात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लासलगाव येथील ‘कृषक’ प्रकल्पात झाली. प्रक्रियेवर देखरेख ठेवण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक भारतात येतो आणि त्याचा खर्च निर्यात करणाऱ्या बाजूने उचलायचा असतो. हा खर्च निरर्थक आहे असे म्हणणाऱ्यांनी २०२० आणि २०२१ चे हंगाम आठवावेत: महासाथीमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि यंत्रणा, फळे, खरेदीदार सर्व तयार असूनही निर्यात थांबली, ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

ही सारी बंधने व्यापाऱ्यांसाठी आहेत, घरच्या पिशवीसाठी नाहीत, हा समज परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत विशेष आढळतो. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातील जवळपास सर्व ताजी फळे, भाज्या, रोपे आणि बियाण्यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना. लेकीसाठी जर्मनीला नेलेली देवगडच्या आंब्यांची पेटी या नियमाच्या दृष्टीने खेपच असते, आणि फळमाशीची अळी पेटी भेट म्हणून आली की विक्रीसाठी, असा भेद करत नाही.

देशांतर्गत बाजूला परवान्याविषयीचा समज शेतकऱ्याच्या जिव्हारी लागणारा आहे. कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लावलेला बियाणे विक्रीचा परवाना, जो बियाणे नियंत्रण आदेश १९८३ प्रमाणे बंधनकारक आहे, तो विक्रेत्याला व्यवसायाची मुभा देतो. थप्पीतील प्रत्येक पिशवी उगवेल, अशी हमी त्या कागदात नसते. प्रमाणीकरणही ऐच्छिक आहे, सक्ती आहे ती अधिसूचित वाणांच्या पिशवीवर खरी माहिती छापण्याची. सोयाबीनची किमान उगवणक्षमता ७० टक्के ठरलेली आहे आणि प्रयोगशाळेत ती पाहताना शंभर-शंभर दाण्यांचे चार संच ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात, आठव्या दिवशी गुंडाळी उलगडून निकोप रोपे मोजतात आणि मूळ तुटलेली किंवा दले कुजलेली रोपे अलग करतात. हा आकडा पुरेशी ओल आणि योग्य तापमान गृहीत धरूनचा असतो; शेतातील अपुरा पाऊस आणि खोल पेरणी यांचे उत्तर त्यात शोधू नये.

बियाणे निरीक्षक दुकानातून नमुना फुकट उचलून नेतो, हेही खरे नाही: बियाणे अधिनियम १९६६ प्रमाणे विक्रेत्याने मागणी केल्यास नमुन्याची बाजारभावाने किंमत द्यावी लागते. नमुन्याचे तीन भाग होतात. एक विक्रेत्याकडे राहतो, दुसरा विश्लेषकाकडे जातो आणि तिसरा जपून ठेवला जातो, कारण खटला उभा राहिल्यावर विहित शुल्क भरून तो केंद्रीय बियाणे प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी न्यायालयात करता येते आणि तिचा अहवाल आधीच्या अहवालावर मात करतो.

उरतो तो सर्वांत क्लेशदायक प्रश्न. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला, तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल नाही म्हणून आपली बाजूच संपली, असे ज्यांना वाटले त्यांनी राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यातील २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावा. बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे, तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो आणि पेरणीसाठी घेतलेल्या बियाण्यातून तपासणीपुरता मूठभर भाग बाजूला काढून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या लॉटचा नमुना सादर करून बियाणे निर्दोष होते हे दाखवण्याची संधी विकणाऱ्याला होतीच.