राजनिष्ठ कोणाशी?

‘लेखकाचं मत’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्राचा अग्रलेख येतो. तिथे मत उघड असतं, पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. खरी गंमत असते ती ‘ही फक्त माहिती आहे’ असं भासवणाऱ्या लिखाणात. उदाहरण शोधायला लांब जायला नको, पारोळ्याचा भुईकोट किल्लाच घ्या.

हा किल्ला १७२७ साली हरी सदाशिव दामोदर या जहागीरदारांनी बांधला असं सांगतात. पुढे १८५७ साली हे घराणं इंग्रजांच्या विरोधात गेल्याचा ठपका आला. जहागीर जप्त झाली, किल्ला मोडून टाकला गेला. १८८० साली छापलेल्या सरकारी गॅझेटियरच्या खानदेश खंडात ही हकिकत आहे. तिचा सूर असा, की पारोळ्याचा धनी राजनिष्ठ राहिला नाही, म्हणून हे घडलं.

वाचताना पटकन काही खटकत नाही. पण ‘राजनिष्ठ’ म्हणजे कोणाच्या राजाशी? झाशीच्या घराण्याशी नातं सांगणाऱ्या माणसाने लंडनच्या राणीशी निष्ठा ठेवायला हवी होती, हे त्या एका शब्दाने गृहीतच धरलं. ‘आमच्या मते’ असं कुठेही न म्हणता! पहिली युक्ती ही : शब्दाची निवड.

आता १८५७ चंच नाव बघा. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांनी १८८३ साली लिहिलेला ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. उपशीर्षकात शब्द आहे ‘बंड’. दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये सावरकरांचं पुस्तक इंग्रजीत निघालं, त्यांचा शब्द ‘स्वातंत्र्यसमर’. घटना तीच, सालही तेच, पण नाव बदललं की कोण गुन्हेगार आणि कोण वीर ते बदलतं. म्हणून तर इंग्रज सरकारने ते पुस्तक छापून होण्याआधीच बंदी घालून टाकली.

दुसरी युक्ती म्हणजे प्रसंगाची निवड. गोडसे भटजी काल्पीच्या वाटेवर राणी भेटल्याचं सांगतात. ती तहानलेली होती. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले, पण तिने त्यांना थांबवलं आणि विहिरीतून स्वतःच पाणी काढून प्यायली. राणी कशी होती यावर भाषण देण्याची गरजच उरत नाही. ते आपण मनात स्वतःच म्हणतो, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष कोणाला खोटा वाटतो?

तिसरी युक्ती आपल्या रोजच्या ओळखीची आहे : कर्ता गाळणे. जर्नलमध्ये आपण ‘रीडिंग घेण्यात आले’ लिहितो. तिथे ते ठीक आहे, रीडिंग कोणीही घेतलं तरी सारखंच यायला पाहिजे. (येत नाही, ही गोष्ट वेगळी!) पण होस्टेलच्या बोर्डावर ‘मेसचे दर वाढविण्यात आले आहेत’ अशी नोटीस लागते तेव्हा ‘कोणी वाढवले?’ हा प्रश्न वाक्यातूनच गायब होतो. ‘किल्ला मोडण्यात आला’ हेही त्याच घाटाचं वाक्य. ‘इंग्रज सरकारने किल्ला मोडला’ असं लिहून बघा, वजन लगेच बदलतं.

मग मत मांडूच नये का? तसं नाही. पूर्ण निर्मळ, बिनमताचं लिखाण बहुधा नसतंच. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवलं, की तिथेच लेखकाची बाजू येते. गोडसे भटजींची हकिकत आजही विश्वासाने वाचली जाते, कारण ते कुठे उभे राहून बघताहेत हे आपल्याला कळतं : जीव मुठीत धरून असलेला एक गरीब भिक्षुक. गॅझेटियर लिहिणारा मात्र दिसतच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पेपर, सर्क्युलर किंवा प्रचाराचं पत्रक हातात आलं की तीन प्रश्न विचारा. हाच शब्द का? हाच प्रसंग का? आणि कर्ता कुठे गेला? स्वतः लिहाल तेव्हा, मग तो मेस कमिटीला दिलेला अर्ज का असेना, ‘आमचं म्हणणं असं आहे’ हे सरळ लिहा आणि खाली सही करा. समोरच्याला निदान कोणाशी वाद घालायचा ते तरी कळेल.