पेन ड्राईव्हमधली हरवलेली फाईल कशी सापडते?



निकालपत्रकं, स्नेहसंमेलनाचे फोटो, शिष्यवृत्तीच्या याद्या... शाळेचं निम्मं दप्तर आता पेन ड्राईव्हमध्ये असतं. कॉपी चालू असताना तो ओढून काढला की पुढच्या वेळी फाईलच दिसत नाही. पण पुष्कळदा फाईल तिथेच असते, फक्त तिच्याकडे जायची वाट पुसलेली असते.

फॅट ३२ पद्धतीच्या पेन ड्राईव्हमध्ये जागेचे छोटे कप्पे असतात. त्यांना क्लस्टर म्हणतात. मोठी फाईल ५, ९, १२ अशा वेगवेगळ्या कप्प्यांत विखुरते. फोल्डरमध्ये फाईलचं नाव, आकार आणि पहिल्या कप्प्याचा नंबर असतो. पुढचा कप्पा कोणता, ते 'फॅट' नावाच्या तक्त्यात असतं. ५ समोर ९, ९ समोर १२, १२ समोर 'संपलं' अशी खूण.

वर्गात हे चिठ्ठ्यांनी छान जमतं. प्रत्येक मुलाच्या चिठ्ठीवर पुढच्या मुलाचा हजेरी क्रमांक लिहायचा, फळ्यावर फक्त प्रत्येक साखळीतला पहिला. मग फळ्यावरचा एक क्रमांक पुसायचा आणि विचारायचं, आता सुरुवात कुठून? थोड्या वेळाने कोणीतरी ओरडतंच, "ज्याचा नंबर कुणाच्याच चिठ्ठीवर नाही, तो पहिला!"

गणितात याला ग्राफ म्हणतात. (स्तंभालेख नव्हे बरं का. बिंदू आणि त्यांना जोडणारे बाण.) विंडोजमधला चेकडिस्क हेच करतो. मुख्य फोल्डरपासून प्रत्येक बाणाने जायचं, पोहोचलेल्या कप्प्यावर खूण करायची. तक्त्यात 'भरलेला' आहे पण खूण नाही, म्हणजे हरवलेली साखळी. जिच्याकडे एकही बाण येत नाही ते तिचं टोक. नाव गेलेलं असल्याने अशा फाईलला तो 'फाईल००००.सीएचके' असं नाव देतो. एकाच कप्प्याकडे दोन बाण आले तर मात्र दोन फाईलींपैकी निदान एक बिघडलेली असते.

क्विक फॉरमॅट झाला तर तक्ता आणि मुख्य फोल्डर दोन्ही पुसले जातात. तरी आतल्या फोल्डरांच्या सुरुवातीला दोन नोंदी उरतात, स्वतःचा नंबर आणि वरच्या फोल्डरचा नंबर. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं ना, तसंच. सुटे कागद जमवून वंशावळ मांडावी तशी रिकव्हरी सॉफ्टवेअर फोल्डरांची रचना पुन्हा उभी करतात. फोल्डरचं स्वतःचं नाव मात्र वरच्या फोल्डरमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून सगळ्यात वरच्या फोल्डरांची नावं जातात. आणि तक्ताच नसल्याने विखुरलेली फाईल जोडणं फार कठीण. सलग कप्प्यांतली सहसा मिळते.

कप्प्यावर नवीन काही लिहिलं गेलं तर कुठलंच गणित कामाला येत नाही. म्हणून फाईल दिसेनाशी झाली की त्या पेन ड्राईव्हमध्ये काहीही टाकू नका, 'फॉरमॅट करायचे का?' विचारलं तर 'नाही' म्हणा. जाणकाराकडून आधी अख्ख्या ड्राईव्हची प्रत करून घ्या. चेकडिस्कसुद्धा ड्राईव्हवर लिहितो, तेव्हा तोही त्यानंतरच. सीएचके फाईल मिळाली तर तिची कॉपी करून शेवटचं 'सीएचके' बदलून 'जेपीजी' करून बघा. आत फोटो असेल तर बरेचदा उघडतो.